पद्मिनीच्या कुजलेल्या पत्र्याची घरच्या घरी दुरुस्ती

जुन्या गाडीच्या दरवाज्याच्या खालच्या कडेला रंगाचा करंगळीच्या नखाएवढा फुगवटा दिसला, की त्याच्यामागे निदान तळहाताएवढा पत्रा कुजलेला आहे असे धरूनच कामाला लागावे. काचेच्या रबरातून उतरलेले पाणी दरवाज्याच्या पोटात साठते, तेथील चिखलात मुरून राहते आणि पत्रा आतून खायला सुरुवात करते. बाहेरचा रंग ही या प्रक्रियेतील शेवटची पायरी असते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो रंगाला आतून ढकलतो आणि मग आपल्याला फुगवटा दिसतो. म्हणून फुगवटा खरवडून, त्यावर पुट्टी फिरवून आणि रंगाचा हात देऊन केलेली दुरुस्ती चुकीच्या बाजूने केलेली असते. या लेखातील बहुतेक सूचना पत्र्याच्या त्या न दिसणाऱ्या बाजूशी संबंधित आहेत.

उदाहरण म्हणून मी प्रीमियर पद्मिनी घेतली आहे, कारण माझ्या दारात तीच उभी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० च्या रूपाने आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने ही गाडी सुमारे साडेतीन दशके तयार होत होती. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस रस्त्यावरून उतरली, पण खासगी मालकांकडे अजून पुष्कळ पद्मिनी आहेत. तिचा पत्रा जस्ताचा थर नसलेला साधा आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. जमिनीचा पत्रा, दरवाज्यांखालच्या पेट्या आणि खांब मिळूनच गाडीचा भार पेलतात. अर्थात तिच्या काही पत्र्यांना शोभेचे काम आहे, तर काही पत्र्यांना हाडाचे, आणि हा फरक कापण्याआधी कळणे आवश्यक आहे.

तपासणीसाठी एक चुंबक, एक जाड स्क्रू-ड्रायव्हर, एक टॉर्च आणि अर्धा दिवस पुरेसा आहे. चुंबकाला मऊ फडके गुंडाळून तो गाडीच्या खालच्या भागावरून हळूहळू फिरवावा. जेथे तो धरत नाही किंवा अर्धवट धरतो, तेथे पत्र्यावर पुट्टीचा जाड थर आहे किंवा पत्राच नाही. मी गाडी घेतली तेव्हा डाव्या दरवाज्याखालची पेटी, जिला सिल म्हणतात, दिसायला गुळगुळीत होती, परंतु चुंबक तेथे टेकताच खाली पडला. एका गॅरेजने त्या पोकळीत वर्तमानपत्राचे बोळे आणि डासांची जाळी कोंबून वरून अर्धा इंच पुट्टी थापली होती. कागद ओला होऊन स्पंजासारखे पाणी धरून बसला होता आणि शेजारचा धड पत्राही त्याने कुजवला होता.

चुंबकानंतर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावे. धड पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द वाजतो आणि त्यातून कण गळल्याची बारीक खसखस ऐकू येते. सिल, दरवाज्यांच्या तळाची घडी, चाकांच्या कमानींची आतली कड, हेडलाइटच्या मागचा चिखल साठणारा कोनाडा, पुढच्या काचेच्या रबराखालची पट्टी, डिकीचा तळ आणि गालिच्याखालची जमीन या जागा हमखास तपासाव्यात. गालिचा फक्त उचलून न पाहता पूर्ण बाहेर काढावा आणि त्याखालचे जुने डांबरी आवरण खरवडून टाकावे. कोकणात किंवा मुंबईत समुद्राच्या जवळ राहिलेल्या गाडीच्या बाबतीत जेथे दोन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डिंगने जोडलेले आहेत त्या सांध्यांवर अधिक संशय घ्यावा, कारण खारट ओल एकदा अशा सांध्यात शिरली की वाळत नाही.

यानंतर कोणते काम घरी करायचे हे प्रामाणिकपणे ठरवावे. वरवरचा गंज, खड्डे पडलेला पण शाबूत पत्रा, दरवाजाचा तळ, मडगार्डची खालची बाजू, डिकीच्या तळातील भोके ही कामे चिकाटी असलेल्या माणसाला घरी जमतात. सस्पेन्शन जेथे बॉडीला बसते त्या जागा, पुढच्या काचेचे खांब आणि दोन्ही बाजूंच्या पूर्ण सिल ही कामे मात्र अनुभवी वेल्डरकडेच सोपवावीत. सिलचा एखादा तुकडा घरी बदलायचाच असेल, तर गाडी सपाट जमिनीवर भक्कम स्टँडांवर समान आधाराने ठेवावी, दरवाज्यांभोवतीच्या फटी आधी मोजून लिहून ठेवाव्यात आणि वेल्डिंगच्या प्रत्येक टाक्यानंतर (ठिपक्याएवढ्या जोडानंतर) दरवाजा लावून पाहावा. सिल कापलेली असताना गाडी मध्यावर किंचित जरी खचली, तरी तो दरवाजा पुढे जन्मभर रडतो. जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये.

कामाचा हंगामही महत्त्वाचा आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर गंज वेगाने धरतो, आणि जुलैमध्ये तर सकाळी चकचकीत घासलेला पत्रा संध्याकाळपर्यंत पिवळा पडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एका वेळी एकच भाग उघडावा आणि तो प्रायमरखाली गेल्यावरच पुढचा उघडावा. उत्साहाच्या भरात सगळी गाडी सोलून ठेवलेली आणि मग दोन वर्षे ताडपत्रीखाली गंजत पडलेली अशी उदाहरणे प्रत्येक गावात सापडतील.

ग्राइंडर सुरू करण्यापूर्वी बॅटरी काढून बाजूला ठेवावी, आणि डिकीत किंवा मागच्या भागात ठिणगीचे काम असेल तर पेट्रोलची टाकी उतरवून आवाराबाहेर न्यावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ असते. म्हणून टाकीला स्वतः वेल्डिंग करण्याचा विचारही करू नये. गालिचे, आसने, छताचे कापड आणि जवळच्या वायरी काढाव्यात. अग्निशामक नळकांडे आणि पाण्याची बादली हाताशी असावी, आणि काम संपल्यानंतर निदान तासभर गाडीजवळ थांबावे, कारण सिलच्या पोकळीत पडलेली ठिणगी उशिरा पेट घेते. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असल्याने तो कोरडा घासताना धुळीसाठी योग्य मास्क लावावा आणि लहान मुलांना दूर ठेवावे. वेल्डिंगपूर्वी पत्रा पुसण्यासाठी क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर कदापि वापरू नये. त्याच्या अवशेषावर वेल्डिंगची ज्वाला पडली की विषारी फॉस्जिन वायू तयार होतो.

गंज काढण्याच्या पद्धतींत पहिला मान तारेच्या ब्रशला आणि खरखरीत डिस्कला आहे. पातळ पत्र्यावर कडक ग्राइंडिंग व्हील वापरू नये, ते गंजाबरोबर धड लोखंडही खाते. खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके उरतात, तेथे फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण ब्रशने लावावे. ते गंजाचे रूपांतर लोहाच्या फॉस्फेटमध्ये करते. पण त्यानंतर पत्रा बाटलीवरील सूचनेप्रमाणे स्वच्छ धुऊन लगेच गरम हवेने वाळवणे गरजेचे आहे, कारण पृष्ठभागावर आम्ल उरले तर त्यावर इपॉक्सी प्रायमर नीट वाळत नाही आणि पुढे पापुद्र्यासारखा निघतो. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच गंज-परिवर्तकांमध्ये टॅनिक आम्ल असते, जे गंजाशी संयोग पावून काळा थर देते. हिरड्याच्या काढ्यात खिळा टाकला की पाणी शाईसारखे काळे होते, ते याच रसायनामुळे. तथापि अशा परिवर्तकाचा उपयोग खड्ड्यांतील अवशेषापुरता आहे. पोपडे सुटलेल्या गंजावर तो ओतून काही साधत नाही.

बिजागऱ्या, ब्रॅकेट, हेडलाइटची कडी असे सुटे भाग असतील तर त्यांना धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विजेने साफ करता येते. प्लॅस्टिकच्या बादलीत दर लिटर पाण्याला सुमारे एक मोठा चमचा सोडा घालावा, बॅटरी चार्जरची ऋण बाजू गंजलेल्या भागाला आणि धन बाजू साध्या लोखंडाच्या भंगार पट्टीला जोडावी, आणि दोघांचा एकमेकांना स्पर्श होऊ देऊ नये. बाजू उलट लागली तर पट्टीऐवजी आपलाच भाग झिजेल. पट्टी स्टेनलेस स्टीलची कधीही वापरू नये, कारण त्यातील क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून बादली उघड्यावर ठेवावी आणि जवळ विडी-काडी नसावी. स्प्रिंगसारख्या कडक पोलादाच्या भागांना ही पद्धत वर्ज्य आहे. ज्यांना घाई नाही त्यांनी एक भाग काकवी आणि नऊ भाग पाणी यांत भाग बुडवून दोन-तीन आठवडे विसरून जावे. गंज सुटतो आणि लोखंड शाबूत राहते, मात्र वासामुळे घरातील माणसे दुरावण्याचा संभव आहे.

पत्र्याला चाळण पडली असेल तर कापण्याला पर्याय नाही. स्क्रू-ड्रायव्हर टोचत टोचत गंजाची हद्द शोधावी आणि तिच्या बाहेर निदान २० ते २५ मिलिमीटर धड पत्रा येईल अशी रेष आखावी. येथे काटकसर केली तर वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ कड जळते, भोक मोठे होते, ते बुजवताना आणखी मोठे होते, आणि संध्याकाळपर्यंत रुपयाएवढ्या भोकाची बशी झालेली असते. आखलेल्या चौकोनाचे कोपरे गोल ठेवावेत. टोकदार कोपऱ्यात ताण साठतो. जुन्या सांध्यातील स्पॉट वेल्ड ८ मिलिमीटरच्या ड्रिलने फक्त वरच्या पत्र्यापुरते पोखरावेत, म्हणजे खालचा पत्रा वाचतो. कापलेला तुकडा लगेच भंगारात टाकू नये, त्याच्या घड्या आणि वळणे मापासाठी लागतात.

ठिगळाचा नमुना प्रथम पुठ्ठ्याचा करावा. यासाठी लग्नपत्रिकेचा जाड कागद मला सर्वांत सोयीचा वाटतो. तो पत्र्यासारखाच एका दिशेने वळतो आणि जेथे सुरकुततो, तेथे पत्राही ठोकून ताणावा लागणार हे आधीच सांगतो. नमुना भोकावर धरून मागून पेन्सिलने कड आखावी, कापून बसवून पाहावी, आणि नीट बसल्यावरच पत्र्याला हात लावावा. पत्रा सीआर, म्हणजे थंड लाटलेला साधा पोलादी पत्रा घ्यावा. छपराचा जस्ताचा पत्रा घेऊ नये, कारण वेल्डिंगमध्ये जस्ताचा पांढरा धूर निघतो, त्याने थंडी वाजून ताप येतो, आणि टाकाही सच्छिद्र पडतो. जाडी मूळ पत्र्याच्या धड भागावर मोजून जुळवावी. बाहेरच्या पत्र्याला बहुधा २० गेज, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर, आणि सिलसारख्या भार पेलणाऱ्या जागी १८ गेज, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर पत्रा चालतो. सरळ घडीसाठी दोन लोखंडी अँगल शिकंज्यात धरून त्यांच्यामध्ये पत्रा आवळावा आणि लाकडी मोगरीने वाकवावा. लोखंडी हातोडीचे घाव पत्र्यावर उमटतात आणि पुढे ते पुट्टीने झाकत बसावे लागते. गोल वळणासाठी योग्य व्यासाचा पाइप पुरतो.

ठिगळ भोकावर चढवून कडेने वेल्डिंग करण्याची पद्धत सोपी आहे आणि बाजारात तीच जास्त चालते, पण त्यात दोन पत्र्यांमध्ये एक फट कायमची राहते, आणि त्या फटीत पुढच्या गंजाची पेरणी आपणच करून ठेवतो. बाहेरच्या पत्र्यावर ठिगळ भोकात समतल बसवून कडेला कड जोडावी. दोन कडांमध्ये पत्र्याच्या जाडीएवढी किंवा थोडी कमी फट ठेवावी. गाडीच्या जमिनीला, जेथे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो आणि दोन्ही बाजूंनी सीलंट भरता येते, तेथे चढवलेला जोड चालू शकतो. तेव्हा दोन्ही पत्र्यांच्या आतल्या तोंडांना वेल्डिंग चालणारा जस्ताचा प्रायमर आधी मारावा आणि धूर नाकात जाणार नाही अशी हवा खेळती ठेवावी.

घरगुती कामासाठी गॅसवर चालणारे लहान मिग यंत्र योग्य आहे, ज्याला आपल्याकडे सीओटू वेल्डिंग म्हणतात. तार ०.६ मिलिमीटरची घ्यावी. शुद्ध कार्बन डायऑक्साइडपेक्षा आर्गॉन मिसळलेला गॅस पातळ पत्र्यावर सौम्य चालतो. गॅसशिवाय चालणारी पोकळ तार स्वस्त पडते, पण ती जास्त तापते आणि ०.९ मिलिमीटरच्या पत्र्यावर नवशिक्याच्या हातून भोकेच पाडते. साध्या दांडीचे वेल्डिंग तर या कामासाठी नाहीच. कापून काढलेल्या पत्र्याच्या धड भागावर आधी तासभर सराव करावा आणि प्रत्येक टाका उलटून मागची बाजू पाहावी. मागे ज्वारीच्या दाण्याएवढा उंचवटा आला असेल तर टाका आरपार गेला आहे. मागची बाजू नुसती निळसर झाली असेल तर तो वरवर चिकटला आहे, घासताना सुटेल.

आता या सर्व कामातील कळीची गोष्ट. सलग रेघ ओढायची नाही, ठिपक्या-ठिपक्यांनीच जोडायचे. तापलेला पत्रा पसरू पाहतो, भोवतालचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही, म्हणून तो जागीच दबून जाड होतो आणि थंड होताना आक्रसतो. या आक्रसण्यानेच सपाट पत्र्याला लाटा येतात. मी पहिल्या मडगार्डवर एका दमात सहा इंच रेघ ओढली आणि पत्रा भाजलेल्या पापडासारखा उठला. तो सरळ करायला वेल्डिंगच्या दसपट वेळ लागला. म्हणून प्रथम चार कोपऱ्यांत चार टाके घालावेत, मग समोरासमोरच्या बाजूंना अंदाजे २५ ते ३० मिलिमीटर अंतर सोडून टाके घालावेत, आणि जेथे नुकताच टाका पडला तेथून दूरची जागा पुढच्या टाक्यासाठी निवडावी. टाक्याशेजारी उघड्या हाताचे बोट टेकवता येईपर्यंत तेथे परतू नये. ओल्या फडक्याने घाईघाईने थंड करण्यापेक्षा चहा घ्यावा. एखादे भोक पडलेच तर मागे तांब्याची जाड पट्टी धरावी. वितळलेले लोखंड तांब्याला चिकटत नाही आणि भोक भरून येते.

सर्व टाके एकमेकांना मिळाल्यावर ते फ्लॅप डिस्कने घासावेत, पण फक्त टाक्याचा उंचवटा काढावा, शेजारच्या पत्र्याला डिस्क लागू देऊ नये. नंतर मागे डॉली, म्हणजे हातात धरायचा लोखंडी ठोकळा, धरून टाक्याच्या रेषेवर हलक्या हातोडीने ठोकावे. डॉली आणि हातोडी यांच्यामध्ये चेपला गेलेला पत्रा पसरतो, आणि आक्रसलेली रेषा पुन्हा मोकळी होते. येथे जोर नको, कान हवा: घाव बरोबर डॉलीवर पडला की टणक आवाज येतो, चुकला की पोकळ. डोळ्यांपेक्षा तळहातावर भरवसा ठेवावा आणि हाताखाली पातळ सुती कापड घेऊन पत्रा चाचपावा, म्हणजे बारीकसा चढउतारही जाणवतो.

पुट्टीबद्दल, जिला जुने पेंटर लांबी म्हणतात, माझे मत थोडे कडक आहे. ती दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड कोठेही नसावी आणि भोकावर तर कधीच नसावी. पॉलिस्टर पुट्टी पाणी शोषते, म्हणून घासलेली पुट्टी रात्रभर दवात उघडी ठेवू नये आणि ती पाण्याच्या पेपरने न घासता कोरडीच घासावी. पुट्टीखाली इपॉक्सी प्रायमर आधी मारून घेणे आमच्यासारख्या दमट हवेत अधिक सुरक्षित आहे. हार्डनर साधारण दोन टक्के, म्हणजे लिंबाएवढ्या गोळ्याला वाटाण्याएवढा. अधिक घातला तर पुट्टी पाटीवरच दगड होते आणि पुढे रंगातून डाग वर येतो. ८० नंबरच्या पेपरने आकार द्यावा, मग १८० आणि ३२० ने गुळगुळीत करावे. पेपर हाताने न धरता लांब लाकडी ठोकळ्याला गुंडाळावा, नाहीतर बोटांच्या खुणा रंग चढल्यावर उन्हात दिसतात.

प्रायमरबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे, की प्रायमर मारला म्हणजे गाडी पावसात उभी करायला हरकत नाही. इपॉक्सी प्रायमर पाणी बराच रोखतो, पण त्यावर मारतात तो राखाडी सरफेसर सच्छिद्र असतो, आणि एका पावसाळ्यात त्याखाली गंजाचे जाळे पसरते. उघडा पत्रा स्वच्छ करून, बोटांचे तेलही न लागू देता, त्याच दिवशी इपॉक्सीखाली घालावा. सांध्यांवरचे सीलंट इपॉक्सीवर भरावे, उघड्या पत्र्यावर नाही. शेवटचा रंग मात्र मी घरी मारत नाही. दोन घटकांच्या पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, ते फुप्फुसांना कायमची इजा करू शकतात, आणि साधा कार्बन मास्क त्यापुढे पुरेसा नाही. तयार केलेले पॅनेल रंगाऱ्याच्या बूथमध्ये द्यावे. मूळ रंग बदलणार असाल तर आरसीवर त्याची नोंद करून घ्यावी लागते. गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल आणि २०२१ च्या नियमांनुसार विंटेज नोंदणी करण्याचा विचार असेल, तर बॉडी मूळ रूपात राहणे ही त्यातील अट आहे, म्हणून कापण्यापूर्वीचे, कापतानाचे आणि नंतरचे फोटो जपून ठेवावेत.

रंग झाल्यावर बहुतेक लोक हात धुतात, आणि तेथेच सगळी मेहनत वाया जाते, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने पत्र्याच्या आतल्या बाजूचा जुना रंग जळालेला असतो आणि तेथे ब्रश पोहोचत नाही. सिल, दरवाज्याचे पोट, चाकांच्या कमानींची पोकळी यांत पोकळ्यांसाठीचे मेण लांब नळीच्या फवाऱ्याने सोडावे. नळी शेवटपर्यंत घालून, फवारत फवारत हळूहळू बाहेर ओढावी. हे मेण उष्णतेने पातळ होऊन सांध्यांत झिरपते, म्हणून ते दुपारच्या उन्हात तापलेल्या गाडीत सोडणे अधिक चांगले. पुढचे दोन दिवस गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवावे. प्रत्येक निचऱ्याच्या भोकाखाली कागदावर तपकिरी थेंब दिसले पाहिजेत; ज्या भोकाखाली कागद कोरा राहिला, तेथे एकतर मेण पोहोचलेले नाही किंवा भोक बुजलेले आहे.

निचऱ्याची भोके उघडायला सायकलच्या चाकाची जुनी तार उत्तम. दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी दरवाज्याची काच खाली घ्यावी, काचेच्या फटीतून एक तांब्याभर पाणी आत ओतावे आणि खाली बसून पाहावे. पाणी लगेच धारेने बाहेर आले तर ठीक. थेंब थेंब आले, तर दरवाज्याचे आतले कव्हर काढून तळाचा चिखल त्याच दिवशी उपसावा.